सुमनचा राब

सुमे,

तू गेलीस त्या दिवशी मला आधी रडू आलं नाही, हे सांगूनच टाकते. आधी आला तो हेवा. तुझ्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. पवनेच्या पलीकडच्या वाडीतल्या बाया ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आल्या होत्या, चुलीवरचं तसंच टाकून. एकीच्या हाताला पीठ होतं. तुझे यजमान दत्ताभाऊ ओट्यावर बसले होते आणि जो येईल तो त्यांच्या खांद्यावर हात ठेवून एकच बोलत होता, "आता विचारायचं कुनाला?" मी कोपऱ्यात उभी. माझ्या डोक्यात काय चाललं होतं ऐकायचंय? मी गेले तर कोण येईल, हे. ऑफिसातले चार जण येतील, हार घालतील, चहा घेऊन निघतील. तीस वर्षं मातीची नोकरी केली मी, आणि मातीची माणसं सगळी तुझी.

मेलेल्या माणसाचा कुणी हेवा करतं का? मी करते. आज पंधरा-सोळा दिवस झाले, अजून करते आहे.

तुझं कौतुक करणारे लेख इतर कुणी लिहितील. मला ते जमणार नाही. माझ्या पोटात दुखतं ते कामशेतच्या शाळेपासून. तू रोज दोन गावं ओलांडून चालत यायचीस, पायाला चिखल, वेणीला सुतळी, आणि विज्ञानाच्या पेपरात माझ्या पुढे. मी रेल्वे क्वार्टरमध्ये दिव्याखाली बसून पाठ करायची. तू म्हशींमागे बसून वाचायचीस म्हणे. गुण कळले की बाबा मला काही बोलायचे नाहीत, नुसते हातोडा उचलून रुळांवर कामाला निघून जायचे. एकदाच बोलले. "वैशे, जमिनी त्यांच्याकडं हायेत. आपल्याकडं बुकं. ती तरी सोडू नको." आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात तीच एक इस्टेट होती. तुमच्याकडे खाचरं होती, विहीर होती, बैल होते. माझ्याकडे दप्तर होतं. आणि तू त्या दप्तरातही हात घालायचीस, तोही हसत हसत. तुला हे कधी कळलंच नाही. कळलं असतं तर आपलं एकदा कडाक्याचं भांडण झालं असतं आणि बरं झालं असतं.

बारावीनंतर तुझं लग्न झालं. खरं सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं. मी कृषी पदवी घेतली, माती तपासायच्या प्रयोगशाळेत लागले, लोणावळ्यात घर केलं. आता ही पुढे जाणार नाही, असं मनात म्हटलं. लग्नात तुला भेट म्हणून स्टीलचा डबा दिला आणि तुझ्या सासूबाईंना सांगितलं, "हुशार होती हो ती." भूतकाळात बोलले.

मग पाच-सहा वर्षांपूर्वीचा तो पावसाळा. तुझा फोन. "वैशे, रोप पिवळं पडतंय. तीन वर्सं झाली. लावणी केली की पंधरा-वीस दिस नुसतं उभंच ऱ्हातं, वाढतच न्हाई."

मी आले. अधिकारी म्हणून आले, गाडीतून, पिशव्या आणि खुरपं घेऊन. तुमच्या खाचरात नागमोडी चालत ठिकठिकाणची माती घेतली, पुस्तकात आहे तशी. नवी पानं फिकट, शिरांमधली जागा पांढुरकी, जुन्या पानांवर तांबूस ठिपके. बघता क्षणी सांगितलं, जस्त कमी आहे, लोहही कमी आहे. झिंक सल्फेट टाका. तू टाकलंस. काही झालं नाही. आणि मातीचा अहवाल आला तो माझ्याच तोंडात मारणारा: जस्त पुरेसं, लोह भरपूर. मग मी काय केलं? खाली लिहिलं, "पाण्याचे व्यवस्थापन सुधारावे."

तू तो कागद दोनदा वाचलास. "म्हंजी मला पानी लावता येत न्हाई?"

"मी तसं नाही म्हटलं. पण कागद खोटं बोलत नाही, सुमे."

"कागद खरा हाय. माती तू भलतीकडची घेतलीस."

मला राग आला. मला कुणी माती कुठून घ्यायची ते शिकवावं? तू मला हाताला धरून घराच्या वरच्या अंगाला नेलंस, राबाच्या तुकड्याकडे. दरवर्षी तिथेच शेण, पाला, टहाळ रचायचा, वर माती पसरायची, पेटवून जमीन भाजायची आणि त्यातच रोप टाकायचं. गुंठाभर जागा. प्रयोगशाळेच्या लेखी ते शेतच नव्हे. त्याची माती घ्या असं कुठल्याही सूचनेत लिहिलेलं नाही, आणि मी कधी घेतली नव्हती. तू म्हणालीस, "सारी खाचरं येगयेगळी, एक वरची, एक वढ्याची. रोग मातर सारखाच. मग सारखं काय हाय? रोप. ते कुटं जन्मलं? हितं."

मी हसले. "रोप पंचवीस दिवसांचं असतं गं तिथे. पुढे चार महिने खाचरात." असं म्हणून गाडीत बसले.

पुढच्या वर्षी तू मला न सांगता जे केलंस त्याचा हेवा मला सगळ्यात जास्त आहे. तू माहेराहून रोप आणलंस, तिथल्या राबातलं. भात तेच, इंद्रायणी. बी टाकलं तेही दोन्हीकडे एकाच दिवशी. आणि एकाच खाचरात, एकाच पाण्यात, एक ओळ माहेरची आणि एक ओळ घरची अशी लावलीस. घरच्या ओळींच्या टोकाला काठी रोवून लाल चिंधी बांधलीस. वीस दिवसांनी फोन केलास, "ये बघाय."

बांधावर उभी राहिले आणि मला बोलता येईना. एक ओळ हिरवीगार, एक पिवळी. हिरवी, पिवळी, हिरवी, पिवळी, थेट ओढ्यापर्यंत. जमीन तीच, पाणी तेच, हातही तेच. आमच्याकडे असल्या प्रयोगाला आराखडा लागतो, मंजुरी लागते, कधी दोन वर्षं फाइल फिरते. तू चिंध्या बांधून केलंस. तू वाकून दोन रोपं उपटलीस, पाण्यात खळबळून माझ्या हातात ठेवलीस. एकाची मुळं पांढरी, लांब, केसाळ. दुसऱ्याची तपकिरी, आखूड, टोकं बोथट. "आता सांग," तू म्हणालीस. तुझ्या आवाजात जिंकल्याचा सूरही नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मला वाटलं, ही पुन्हा पुढे गेली.

मग मात्र राबाची माती घेतली. आमच्याकडे विषारी धातू मोजायची सोय नव्हती, म्हणून पुण्याला पाठवली. शिसं निघालं, कॅडमियम निघालं, दोन्ही असायला हवं त्याच्या कितीतरी वर. मी तुला फोनवर सांगितलं. तू म्हणालीस, "काळी खोकी."

वळणावर जुन्या बॅटऱ्या फोडायची एक शेड होती, कधीची बंद झालेली. तिथली काळी प्लास्टिकची खोकी फुकट मिळायची, आत शिशाचा गाळ चिकटलेला. जनावरं कमी झाली, शेण पुरेना, ओलसर राब धड पेटेना. खोकी खाली घातली की भडाभडा पेटायचा. "मीच आनली डोक्यावरनं," तू म्हणालीस. "सासू नको म्हनत होती, वास येतो म्हनून. मीच म्हनलं, झ्याक भाजतंय की." प्लास्टिक जळून गेलं. धातू कुठे जळतो? राखेत राहिला, राख मातीत, आणि राबाची जागा दरवर्षी तीच.

त्याच आठवड्यात तू घरोघरी गेलीस. ज्या ज्या घराने खोकी नेली होती त्या प्रत्येकाच्या दारात उभी राहून सांगितलंस, मी पण टाकली, मी पण चुकले, आता राबाची जागा बदला. लोक हसले असतील, काहींनी तुलाच बोल लावला, दत्ताभाऊ चिडले की गावभर शोभा कशाला. तू ऐकलं नाहीस. मला माझी एक चूक तुझ्या एकटीसमोर कबूल करता येत नव्हती, ती पाण्याच्या व्यवस्थापनाची. आणि तू तुझी अख्ख्या गावासमोर केलीस. याचाही मला हेवाच वाटला. काय करणार, स्वभावच तसा.

तुला त्यातलं शास्त्र मी समजावून दिलं, एवढं तरी माझं. मुळांना जस्त आणि लोह आत घ्यायला ठरावीक वाटा असतात. कॅडमियम जस्ताच्या जातकुळीचं, त्याच वाटेने आत शिरतं. रोपाला फरक कळत नाही. शिसं मुळांची टोकं मारतं, मग वाटाच कमी उरतात. मातीत जस्त असूनही रोप उपाशी. मी वहीत आकृती काढून दाखवत होते, तू भाकरी थापत होतीस. म्हणालीस, "म्हंजी लग्नाच्या पंगतीसारखं. परका मानूस पावन्यासारखाच फेटा बांधून आला, यजमानानं त्याला हात धरून बसवला. आन आपला मानूस दारात उभाच."

ती पंगत मी त्यानंतर कितीदा सांगितली आहे! विद्यार्थ्यांना, अधिकाऱ्यांना. सगळे हसतात, सगळ्यांना कळतं. "मॅडम, उदाहरण काय सुंदर देता," म्हणतात. मी "अहो, सुचलं" म्हणते.

आणि आता ते, जे आपल्यात अडकून राहिलं.

पुण्यात मोठी बैठक झाली. मी पडद्यावर तुझ्या खाचराचा फोटो लावला, हिरवी ओळ, पिवळी ओळ, लाल चिंध्या. म्हटलं, "आमच्या निरीक्षणात असं आढळलं." आमच्या. एका शब्दात काम झालं. शाल मिळाली, नारळ मिळाला, पेपरात फोटो आला. संध्याकाळी तुझा फोन. "फोटो झ्याक आलाय. पदर तेवढा नीट घ्यायचा व्हतास." आणि मग, "माजं नाव घेतलंस का गं?"

"सरकारी कामात शेतकऱ्याचं नाव घेत नाहीत, सुमे."

"बरं."

घेतात. तुला ठाऊक होतं की घेतात. मला ठाऊक होतं की तुला ठाऊक आहे. तू परत कधी विचारलं नाहीस. त्या "बरं"वर मी कितीदा मनातल्या मनात तुझ्याशी भांडले आहे. म्हणाले आहे, तुला दिसलं खरं, पण कॅडमियम हे नाव कुणी दिलं? पुण्याला माती कुणी पाठवली? माझ्याशिवाय तुझ्या चिंध्यांना कुणी विचारलं असतं? आणि गंमत म्हणजे हे तूच एकदा मला म्हणाली होतीस, "तुज्या मशीनबिगर माजं कोन ऐकनार व्हतं?" म्हणजे माझं श्रेय तू मोकळ्या मनाने मला देऊन टाकलेलं. तुझं मात्र मी दाबून ठेवलं. भांडणात सुद्धा तू माझ्या पुढे.

बाबा गेले तेव्हा पुण्यानुमोदनाला तू पांढरी साडी नेसून आलीस, नव्या तांदळाची पिशवी घेऊन. मागच्या ओळीत बसलीस, आमच्या बायकांबरोबर. वंदना येत नव्हती तरी हात जोडून शेवटपर्यंत. मग आईजवळ बसून तिचे पाय चेपलेस. पिशवीवर लिहिलेलं होतं, "नव्या राबाचा, तपासलेला." तेवढं वाचून मला हसू आलं, त्या दिवशी पहिल्यांदा. आई अजून विचारते, "सुमी का गं येत न्हाई?" मी दिवसातून दोनदा तिला भरवते, आणि विचारते ती तुझं. तिला अजून सांगितलेलं नाही.

परवा पवन मावळातल्या एका गावात सभा होती. राब भाजायचे दिवस आलेत, म्हणून बायांना माहिती द्यायची. समाजमंदिरात सतरंज्या अंथरल्या होत्या. साहेबांनी माझी ओळख करून दिली, "ज्यांनी हे सगळं शोधून काढलं, त्या वैशालीताई." टाळ्या पडल्या. मी उठले. पडद्यावर तुझी खाचरं होती. पहिलं वाक्य दरवेळचंच, तोंडात तयार होतं. पण ते बाहेर पडेना. ओळीच्या टोकाला तुझी सावली पडली आहे त्या फोटोत, हातात कोयता. इतकी वर्षं मला ती दिसलीच नव्हती की मी बघत नव्हते, कुणास ठाऊक.

मी म्हटलं, "हे मी शोधलेलं नाही. सुमननं शोधलं. मी आधी तिला चूक ठरवलं, मग तिचं माझं म्हणून सांगितलं. पंगतीचं उदाहरणसुद्धा तिचं आहे."

साहेब मोबाइलमध्ये बघू लागले. मला वाटलं होतं छातीवरचं ओझं उतरेल, बाया चकित होतील. कुणी चकित झालं नाही. पुढे बसलेली एक म्हातारी म्हणाली, "आमाला ठावं हाय की. आमी सुमीचा राबच म्हनतो त्याला. तुमी तिच्यासंगं व्हता व्हय? बरं झालं आलात." मी इतकी वर्षं जपून लपवलेली गोष्ट तिकडे सगळ्यांच्या तोंडी होती. तिथेही क्षणभर माझ्या पोटात दुखलं, खोटं कशाला बोलू.

मग मागची एक तरुण बाई उठली. "ताई, राब हलवला आमी. पर जुन्या राबाच्या जागंचं काय करायचं? गुंठाभर का आसना, पडीक किती दिस ठिवायची?"

मी सांगितलं जे सांगायचं ते. भाजीपाला नको. चुना टाका म्हणजे धातू मातीतच धरून राहतो. भात लावलंच तर दाणा भरेपर्यंत खाचरातलं उभं पाणी काढू नका.

"त्ये सुमीताई पन म्हनायची. पर चुना जास्त झाला आन तिचं परत पिवळं पडलं. मग तिनं दुसरं कायतरी केलं, दोन हंगाम. औंदा जमलं म्हनत व्हती. काय केलं तिनं?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. सुमे, दिवाळीनंतर तू फोन केला होतास. "वैशे, जुन्या राबात कायतरी जमलंय. फोनवर न्हाई सांगनार. तुला डोळ्यांनी बघाय पायजे." मी म्हटलं, ऑडिट चालू आहे. नव्हतं. मला अजून एकदा तुझ्या बांधावर उभं राहून गप्प व्हायचं नव्हतं. तू पुन्हा माघ महिन्यात विचारलंस, येतीस का? मी म्हटलं, बघते.

"मला माहीत नाही," मी त्या बाईला म्हटलं. "तिनं मला बोलावलं होतं. मी गेले नाही." आणि मग तिथे, पडद्यासमोर उभ्या उभ्या, मला रडू कोसळलं. त्या म्हातारीने मला खाली बसवलं, पाणी दिलं.

सभा संपल्यावर तुमच्याकडे गेले. दत्ताभाऊंना विचारलं. ते म्हणाले, "मला न्हाई सांगितलं. वैशी येऊ दे, मग एकदमच सांगते, म्हनायची." वहीत बघितलं, तुझी वही म्हणजे दूधवाल्याचं कॅलेंडर, त्यावर काही नाही. जुन्या राबाचा तुकडा नांगरून पडला आहे. बांधाला काठ्या रोवलेल्या आहेत, तीन ठिकाणी, तीन रंगांच्या चिंध्या. कोणता रंग कशाचा, कुणाला माहीत नाही. मी गुडघ्यावर बसून तिन्हींची माती वेगवेगळी घेतली, पिशव्यांवर रंग लिहिले, तुझं नाव लिहिलं.

अहवाल महिन्याभरात येईल. मातीत आता काय आहे ते त्यात कळेल. तू काय केलंस ते कळणार नाही. मी आता हवं तितकं तुझ्या मागे राहायला तयार आहे, सगळ्यांसमोर, कायमची. सुमे, सांग ना, काय केलं होतंस तिथे?